जागरण, भूक आणि पोटाचा घेर

माझा भाचा हिंजवडीतील एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो. दुपारी साडेचारला कर्वेनगरात त्याची कॅब येते, आणि काम आटोपून परतताना पहाटे तीन-साडेतीनला तो दोन सहकाऱ्यांबरोबर नळ स्टॉपला उतरतो, कारण त्या वेळी तिथे गरम पोहे मिळतात. पोह्यांवर मूठभर शेव, बरोबर चहा, आणि घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेचार वाजतात. साडेसातला घर जागे होते. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, वरच्या मजल्यावर चाललेले फरशीचे काम. तो खोलीचे दार लावून अकरापर्यंत पडून असतो खरा, पण त्यातील सलग झोप म्हणावी अशी तीन तासांची आणि पुढे अधूनमधून लागणारा डोळा धरला तर सगळी मिळून जेमतेम पाच तासांची. गेल्या तीन वर्षांत त्याचे वजन सात किलोंनी वाढले. माझ्या बहिणीचे यावरचे निदान ठरलेले आहे: "सूर्य डोक्यावर येईपर्यंत लोळल्यावर पोट सुटणार नाही तर काय होणार?"

हे निदान तिच्या एकटीचे नाही. फार झोपणारा माणूस जाड होतो ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की चित्रातला कुंभकर्ण कुणी सडपातळ काढल्याचे मला तरी आठवत नाही. वजन वाढलेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो, खातोस किती आणि चालतोस किती. झोपतोस किती, हे विचारलेच तर आळशीपणाचा आरोप करण्यासाठी. गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या प्रयोगांनी मात्र हे चित्र बरेचसे उलटे केले आहे. झोप अपुरी पडू लागली की भूक वाढते, खाण्यावरचा ताबा सुटतो, रक्तातील साखर हाताळण्याची शरीराची ताकद घटते आणि चरबी पोटाच्या आतल्या बाजूला साठू लागते. यातील बराचसा बिघाड वजनकाट्यावर दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि आपल्यासारख्या भारतीय बांध्याच्या माणसांच्या बाबतीत तर वजनकाटा तो फार उशिरापर्यंत लपवून ठेवतो.

आधी पुरेशी झोप म्हणजे किती, ते पाहू. अमेरिकेतील झोपेच्या वैद्यकशास्त्राच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात. हे तास प्रत्यक्ष झोपेचे आहेत, अंथरुणात असण्याचे नव्हेत. अकराला दिवा मालवून, पाऊण तास मोबाइल पाहून, सहाच्या गजराला उठणारा माणूस "मी सात तास झोपतो" असे प्रामाणिकपणे सांगतो, पण त्याच्या हिशेबात किमान पाऊण तासाची तूट असते.

जागा माणूस जास्त ऊर्जा जाळतो, मग वजन वाढते कसे?

ही शंका रास्त आहे. झोपलेल्या शरीरापेक्षा जागे शरीर अधिक ऊर्जा खर्च करते, तेव्हा कमी झोपणाऱ्याचे वजन उलट उतरायला हवे. याचा हिशेब अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. त्यांनी १६ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्या श्वासावरून ऊर्जेचा खर्च मोजला. पाच दिवस रात्री पाचच तास झोपू दिल्यावर त्यांचा रोजचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे शंका घेणाऱ्याचे म्हणणे बरोबर ठरले. पण खाणे त्याहून कितीतरी अधिक वाढले, आणि तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतरचे. पाच दिवसांत त्यांचे वजन सरासरी पाऊण किलोहून जास्त वाढले. हा आकडा वाचून दचकायला नको, कारण पाच दिवसांतील वाढीत पाण्याचाही वाटा असतो. पण जमा-खर्चाची दिशा त्यातून स्पष्ट होते. जागरणात जळते ती मूठभर, आणि पोटात जाते ते ताटभर.

खाणे का वाढते, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर शिकागो विद्यापीठातून २००४ मध्ये आले. ते समजण्यासाठी दोन संप्रेरकांची ओळख करून घ्यावी लागेल. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. शरीरातील चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि "कोठारात पुरेसा साठा आहे, आता पुरे" असा निरोप मेंदूला पोहोचवतात. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडले. ते रिकाम्या जठरातून निघते आणि "जेवायची वेळ झाली" असे सांगते. शिकागोच्या प्रयोगात बारा निरोगी तरुणांना एकदा दोन रात्री चार तासच अंथरुणात राहू दिले आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि त्या तरुणांनी स्वतः नोंदवलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. त्यांना खावेसे वाटत होते ते पालेभाजी-कोशिंबीर नव्हे, तर गोड, खारट आणि पिठूळ पदार्थ. दोन रात्रींच्या जागरणाने निरोगी शरीराला आपले कोठार रिकामे झाल्याचा भास होऊ लागला, असा याचा अर्थ.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांत कहाणी इथेच संपते, पण ती इतकी सुबक नाही. वर सांगितलेल्या कोलोरॅडोच्या प्रयोगात माणसांना मनसोक्त खायची मुभा होती, आणि तिथे ही संप्रेरके "साठा भरपूर आहे" असेच सांगत होती. तरीही माणसे खात राहिली. म्हणजे पोट भरल्याचा निरोप येत असूनही त्याकडे दुर्लक्ष करणारे काहीतरी मेंदूतच घडत असले पाहिजे. मला स्वतःला हा भाग लेप्टिन-घ्रेलिनपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण रात्री दीड वाजता फरसाणाच्या डब्यात हात घालणाऱ्या माणसाला भूक लागलेली असतेच असे नाही, हे आपण स्वतःवरून ओळखतो.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ मध्ये २३ जणांना एकदा पुरेशी झोप झाल्यावर आणि एकदा पूर्ण रात्र जागवल्यानंतर मेंदूच्या एमआरआय यंत्रात झोपवून खाद्यपदार्थांची चित्रे दाखवण्यात आली. जागरणानंतर मेंदूच्या पुढच्या भागातील, सारासार विचार करून निवड करणारी केंद्रे मंदावली होती आणि भावना आणि ओढ हाताळणाऱ्या, खोलवरच्या अमिग्डला या भागाचा प्रतिसाद वाढला होता. त्यांची पसंतीही जास्त कॅलरींच्या पदार्थांकडे झुकली होती. घरात मोठे माणूस पेंगत असले की पोरे लाडवांच्या डब्यापर्यंत कशी पोहोचतात, तसाच हा प्रकार. २०१६ मध्ये शिकागोच्याच संशोधकांना आणखी एक धागा सापडला. आपले शरीर भांगेतील द्रव्याशी नाते सांगणारी काही रसायने स्वतःच तयार करते आणि ती खाण्यातील आनंद वाढवतात. चार रात्री साडेचार तासच झोपलेल्या तरुणांच्या रक्तात अशा एका रसायनाची दुपारची पातळी नेहमीपेक्षा जास्त चढली आणि रात्रीपर्यंत चढलेलीच राहिली. होळीला भांग घेतलेल्या माणसाला भजी कितीही वाढली तरी पुरत नाहीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यावर अधिक भाष्य नको.

वजन उतरले, पण काय उतरले?

आता उलट बाजू पाहू. डाएट करून वजन कमी करणाऱ्या माणसाने झोपेत काटछाट केली तर काय होते? पहाटे पाचला उठून टेकडीवर जायचे म्हणून रात्री बारा ते पाच एवढीच झोप घेणारी माणसे पुण्यात थोडीथोडकी नाहीत. हनुमान टेकडीवर किंवा तळजाईवर सकाळी भेटणाऱ्यांपैकी कितीतरी जण अभिमानाने हे वेळापत्रक सांगतात.

त्यांनी २०१० मधील एक छोटा प्रयोग लक्षात घ्यावा. वजन जास्त असलेल्या दहा माणसांना दोन आठवडे मोजून-मापून कमी आहार दिला. एका खेपेला त्यांना रात्री साडेआठ तास अंथरुणात राहू दिले आणि दुसऱ्या खेपेला साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. काट्यावर नजर ठेवणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक वाटला नसता. पण भरपूर झोपेच्या खेपेत त्यातील १.४ किलो चरबी होती, तर अपुऱ्या झोपेच्या खेपेत फक्त ०.६ किलो. उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाची होती, ती १.५ किलोंवरून २.४ किलोंवर गेली. आहार तोच, उपाशी राहण्याचे कष्ट तेच, पण शरीराने ठेवायचे ते टाकले आणि टाकायचे ते ठेवले. स्नायू हेच साखर खर्च करणारे शरीरातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे हा तोटा पुढे मधुमेहाच्या वाटेवर महागात पडतो.

साखरेचा मुद्दा इथे थोडा विस्ताराने पाहायला हवा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींच्या आत नेण्यासाठी स्वादुपिंड इन्शुलिन पाठवते. इन्शुलिन म्हणजे पेशीच्या दारावर टकटक करणारा माणूस. झोप अपुरी असली की पेशी या टकटकीला लवकर दाद देत नाहीत. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिल्यानंतर त्यांच्या रक्तातील साखर हटण्याचा वेग पुरेशी झोप झालेल्या स्थितीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. संध्याकाळी उतरायला हवे ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक, त्यांच्यात चढलेले आढळले. २०१२ मध्ये आणखी पुढे जाऊन सात जणांच्या पोटावरील चरबीचे नमुने तपासले गेले. चार रात्री साडेचार तास झोपल्यानंतर चरबीच्या पेशींची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. म्हणजे झोप फक्त मेंदूला लागते असे नाही. चरबीच्या पेशीलाही ती लागते. हे सर्व प्रयोग छोटे आहेत, त्यात माणसांना चार-साडेचार तासांवर आणून ठेवले होते आणि आपली रोजची तूट बहुधा त्याहून कमी असते, हे इथे नमूद केले पाहिजे. पण आपली तूट आठवड्याची नसून वर्षानुवर्षांची असते, हेही तितकेच खरे.

पुण्याचे एक छायाचित्र

वैद्यकशास्त्रातील एक गाजलेले छायाचित्र पुण्याशी जोडलेले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे हे जोडछायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. वजनाच्या कोष्टकात दोघेही 'उत्तम' या रकान्यातले. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबीदार, अशा या भारतीय बांध्याची मुळे जन्मापर्यंत पोहोचतात, हे पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासातून दिसले. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयवांचे वजन, चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवलेली होती. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ पासून आणि लठ्ठपणाची २५ पासून धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात.

याज्ञिकांचे हे काम झोपेविषयीचे नाही. मी ते इथे आणले, कारण त्याच्याशेजारी अमेरिकेतील मेयो क्लिनिकचा २०२२ मधील प्रयोग ठेवला की आपली अडचण नेमकी कळते. तिथे लठ्ठ नसलेल्या १२ निरोगी माणसांना दोन आठवडे चारच तास झोपू दिले आणि खाण्यावर बंधन ठेवले नाही. ते रोज सुमारे ३०० कॅलरी जास्त खाऊ लागले. वजनात पडलेला फरक अगदी किरकोळ होता. पण सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ असलेली चरबी ११ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते आणि तुलनेने निरुपद्रवी असते. ही आतली चरबी दिसत नाही आणि मधुमेह, हृदयविकार, यकृतावरील चरबी या सगळ्यांच्या मुळाशी तीच असते. जिचा साठा आपल्याकडे आधीच जास्त, तीच चरबी जागरणाने वाढते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष झोपेच्या माथी मारणे चुकीचे ठरेल; पण कारणांच्या यादीत झोपेला जागाच न देणे हे त्याहून मोठे चुकीचे आहे.

झोपेचे तास मोजताना वेळेकडेही पाहावे लागते. शरीरातील प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालते आणि त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लावले जाते. रात्री अंधार झाला की रात्र झाल्याचा इशारा देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, स्वादुपिंड विसावते, आणि त्या वेळी खाल्लेल्या पदार्थाची साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. बॉस्टनमध्ये २०२२ साली वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच जेवण, तेवढेच जेवण, फक्त चार तास उशिरा दिले तेव्हा त्यांची भूक वाढली, ऊर्जेचा खर्च घटला आणि चरबीच्या पेशींतील जनुके साठवणुकीच्या बाजूने काम करू लागली. माझ्या भाच्याचे पहाटेचे पोहे सकाळी नऊच्या पोह्यांपेक्षा वेगळे का, याचे उत्तर इथे आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगारांचे तर आणखी कठीण. एका पाळीची सवय शरीराला होते न होते तोच दुसरी लागते.

वजनापलीकडचे परिणाम थोडक्यात सांगतो. रात्री झोपेत रक्तदाब सुमारे १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि हृदयाला तेवढी उसंत मिळते. झोप तोकडी किंवा तुटक असली की ही उसंत हुकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे यांच्या जोडीला झोपेचा समावेश केला. २०१५ मधील एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले गेले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. आणि सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच ढिला होतो, हे १९९७ पासून ठाऊक आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर मुंबईत काम करून, रात्री अकराला द्रुतगती मार्गावर गाडी घालणाऱ्याने थेंबही घेतलेला नसला तरी त्याचे हात-पाय ती मर्यादा ओलांडलेल्या माणसासारखेच चालत असतात.

"मला पाच तास पुरतात" असे म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये असे दिसले की दोन आठवडे रोज सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली होती, पण त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे पेंगुळलेले आहोत असे वाटत नव्हते. तूट अंगवळणी पडते, भरून येत नाही. शनिवार-रविवारी झोप काढून ती फेडण्याची पद्धतही फारशी उपयोगाची नाही. २०१९ मधील एका प्रयोगात सुट्टीचे दोन दिवस हवे तेवढे झोपून पुन्हा अपुऱ्या झोपेकडे परतलेल्यांचे रात्रीचे अरबट-चरबट खाणे पुन्हा वाढले आणि इन्शुलिनची गाडी रुळावर आली नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांची बरीच चेष्टा होते. पण वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी तरतरी आणते, यात शंका नाही. तीच दोन तासांवर गेली तर रात्रीची झोप खाते.

हे सगळे वाचून उदास होण्याचे कारण नाही, कारण उलटा प्रयोगही झाला आहे. शिकागो विद्यापीठातच २०२२ मध्ये, रात्री साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या आणि वजन थोडे जास्त असलेल्या ८० तरुण माणसांना त्यांच्या घरीच ठेवून निम्म्यांना झोप वाढवण्याविषयी वैयक्तिक सल्ला देण्यात आला. आहार किंवा व्यायामाबद्दल अवाक्षरही काढले नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि दोन आठवड्यांत खाणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत रोज सुमारे २७० कॅलरींनी घटले. साधारण एका वडापावाएवढा हा आकडा आहे, आणि तो वडापाव कुणी त्यांच्या हातून काढून घेतला नव्हता. त्यांना तो खावासाच वाटला नाही. प्रयोग दोनच आठवड्यांचा होता, त्यामुळे वर्षभरात अमुक किलो उतरतील असा गुणाकार मी करणार नाही.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

काही माणसे आठ तास झोपूनही सकाळी थकलेली उठतात. त्यांच्या बाबतीत तासांऐवजी श्वासाकडे पाहावे लागते. "आमचे हे अगदी ढाराढूर झोपतात, घोरणे शेजारच्या ब्लॉकपर्यंत जाते" असे कौतुकाने सांगितले जाते. प्रत्यक्षात जोराचे घोरणे, मध्येच श्वास थांबल्यासारखी शांतता आणि मग हिसका देऊन पुन्हा सुरू होणारा श्वास ही स्लीप ॲप्नियाची खूण असते. घशाभोवती चरबी वाढली की झोपेत सैलावलेली श्वासाची वाट बंद होते, रक्तातील ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. हे तासाला पंधरा-वीस वेळाही होऊ शकते आणि सकाळी त्यातले काही आठवत नाही. वजनामुळे झोप तुटते आणि तुटक झोपेमुळे वजन वाढते, असे हे चक्र आहे. ते उलटही फिरते: विस्कॉन्सिनमधील एका दीर्घ अभ्यासाच्या हिशेबानुसार वजन १० टक्क्यांनी उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. जबड्याच्या ठेवणीमुळे आशियाई माणसांत हा विकार बारीक अंगकाठीतही आढळतो, म्हणून "मी कुठे जाड आहे" म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतील श्वासाची तपासणी, टाळू नये. अशा माणसाने रात्री मद्य घेणे किंवा ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणणे म्हणजे सैल झालेली वाट आणखी सैल करणे. निद्रानाशासाठीही पहिला उपाय म्हणून आता गोळीपेक्षा विचार आणि सवयी बदलणारी एक विशिष्ट समुपदेशन पद्धत सुचवली जाते. सहा-आठ बैठकांत तिचा गुण दिसू लागतो.

झोप कमी असण्याचा दोष नेहमी माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकला जातो, ते मला पटत नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातील कोणत्याही अभ्यासिकेत रात्री एक वाजता डोकावून पाहावे. प्लायवुडच्या फळ्यांनी पाडलेल्या खणांत स्पर्धा परीक्षेची मुले बसलेली असतात, प्रत्येकाच्या खणात पाण्याची बाटली, ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा, आणि समोर चिकटवलेल्या वेळापत्रकात झोपेसाठी राखलेले पाच तास. दिवसा वाचलेले पक्के होते ते रात्री झोपेत, हे त्या वेळापत्रकाला कुणी सांगितलेले नसते. शाळांचे पाहावे तर डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. निर्णय चांगला होता, पण वयात येताना ज्यांचे शरीराचे घड्याळ नैसर्गिकरीत्या मागे सरकते त्या आठवी-नववीच्या मुलांना त्यात स्थान नव्हते. त्यांची सात-सव्वासातची घंटा तशीच राहिली. आणि घरातील सर्वांत शेवटी झोपून सर्वांत आधी उठणारी बाई, जिला पहाटे नळाला पाणी येते म्हणून जाग ठेवावी लागते आणि साडेसहाच्या आत दोन डबे भरावे लागतात, तिला आहारतज्ज्ञ "रात्री भात बंद करा" एवढेच सांगतो. तिच्या सहा महिन्यांच्या डाएट चार्टपेक्षा दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या डब्याने आणि तिला मिळालेल्या पाऊण तासाच्या झोपेने अधिक काम होईल, असे मला वाटते.

भाच्याची पाळी बदलता आली नाही. जे बदलता आले ते असे: कार्यालयातच रात्री साडेनऊला घरचा डबा खाणे, बाराच्या पुढे चहा-कॉफी नाही, कारण कॉफीचा अर्धा अंश पाच तासांनीही रक्तात उरतो, खिडकीला जाड काळा पडदा, कानांत बोळे, आणि दारावर ताईच्या अक्षरात "अकरापर्यंत बेल वाजवू नये" अशी पाटी. पुण्यात पाटी लागली की लोक वाचतात, हा एक फायदा. पहाटेच्या पोह्यांऐवजी कपभर दूध घेऊन तो आता पावणेचारला झोपतो आणि साडेदहाला उठतो. चार महिन्यांनी वजन दीडच किलो उतरले होते, म्हणून तो हिरमुसला. मग ताईने शिवणाच्या डब्यातली टेप काढून बेंबीच्या पातळीवर धरली. गेल्या दिवाळीत ९७ सेंटिमीटर भरलेला घेर ९३ झाला होता.